पाय उशीवर, अकरा वर्षांचे फोटो मांडीवर

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला होता, त्यामुळे जूनच्या मध्याला आमच्या घरामागच्या सड्यावर शेवाळ धरलेलं होतं. 14 जून 2025, शनिवार. शाळेतून आले, दोन घास खाल्ले आणि कॅमेरा घेऊन वर चढले. जांभ्या दगडाच्या खळग्यांत पाणी साचलं की त्यात आभाळ उतरतं, ते मला दर वर्षी माझ्या फोटोंच्या साइटसाठी टिपायचं असतं. वाकले, पाऊल सरकलं, आणि घोट्यातून जो आवाज आला तो अजून कानात आहे. कॅमेरा हातात वर धरलेला होता, त्याला ओरखडाही नाही. मला मात्र यजमान आणि शेजारचे दोघे येईपर्यंत पाऊण तास तिथंच भिजत बसावं लागलं.

घोट्याचं बाहेरचं हाड मोडून थोडं सरकलं होतं. सोमवारी, 16 जूनला, शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवले. गुरुवारी घरी. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: सहा आठवडे त्या पायावर कणभरही भार द्यायचा नाही, आणि झोपलेलं असताना पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, नाहीतर सूज उतरणार नाही. रुग्णालयाचं बिल बरंचसं विम्यातून गेलं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

रजेबद्दल मात्र लिहिते, कारण शाळेतल्या दोघीतिघींनी मला नंतर हेच विचारलं. अर्धपगारी रजा वर्षाला 20 दिवस खात्यावर जमा होत असते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिची कम्युटेड लीव्ह करून पूर्ण पगार घेता येतो, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. माझे 16 जून ते 17 ऑगस्ट असे 63 दिवस झाले, म्हणजे 126 दिवस गेले. अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या, प्रमाणपत्रावर ‘किती दिवस’ आणि ‘कोणत्या तारखेपासून’ हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, आणि मुदत वाढली की प्रत्येक वाढीचं वेगळं प्रमाणपत्र घ्या. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. तो शेवटच्या तपासणीच्या दिवशीच मागून घेतला तर एक फेरी वाचते. मी पाच प्रती काढून ठेवल्या होत्या, चार लागल्या.

माझी खाट सोप्यावर आणून ठेवली होती, तिथून अंगण, तुळस आणि पागोळ्या दिसायच्या. ज्यांनी कधी सक्तीची विश्रांती घेतली आहे त्यांना पहिले दहा दिवस कसे जातात ते ठाऊक असेल. औषधांनी झोप लागायची, आणि जाग आली की मनात शाळेच्या वेळापत्रकाची घंटा वाजायची. आता तिसरा तास, आता मधली सुट्टी. पाणी हवं असलं तरी हाक मारावी लागते याची लाज वाटायची. सासूबाई मात्र त्यांच्या दिनक्रमातून इंचभर हलल्या नाहीत. साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड माझ्यापुढे ठेवायच्या. दुपारी जेवण झालं की जमिनीवर चटई टाकून माझ्या खाटेशेजारी आडव्या व्हायच्या. मी लॅपटॉप ओढला की डोळे न उघडताच म्हणायच्या, “पांय वयर दवर गो.” पाय वर ठेव.

गोव्याबाहेरचे लोक ‘सुशेगाद’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात समुद्रकिनारा असतो. पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आलेल्या या शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे. मला तो शब्द आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, दुपारच्या त्या दीड तासात नीट कळला. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईचा तो दीड तास आहे. गावातली दुकानं एक ते साडेतीन बंद असतात ती याच तासांसाठी, आणि इतकी वर्षं मी नेमकी तेव्हाच उन्हातून कॅमेरा घेऊन हिंडत होते, कारण रस्ते मोकळे मिळायचे.

24 जूनला सांजांव, सेंट जॉनचा सण. गेली नऊ वर्षं मी त्या दिवशी शिवोलीला सजवलेल्या होड्या पाहायला जाते. यंदा पलंगावर पडून स्वतःचीच साइट मोबाइलवर उघडली, जुने फोटो बघून मन रमवावं म्हणून. पांढरा पडदा. मग काळा पडदा. मग एका मोठ्या फोटोचा वरचा पट्टा सरकत सरकत आला, आणि तो पूर्ण दिसायच्या आत पुढचा फोटो त्याला ढकलून पुढे आला. फोटोवर मधोमध माझंच नाव, एवढं मोठं की होडीतल्या माणसाचा चेहरा त्याखाली गेलेला. मथळ्यातल्या ‘शिवोली’ची वेलांटी वरून कापलेली. मी हे सगळं कायम घरच्या मोठ्या पडद्यावर पाहत आले होते. लोक माझे फोटो असे पाहतात हे मला त्या दिवशी समजलं आणि फार वाईट वाटलं.

साइट 2014 ची. तिची आतापर्यंत तीन रूपं झाली होती. पहिलं काळ्या पार्श्वभूमीचं, आपोआप सरकणाऱ्या फोटोंचं. 2018 मध्ये सगळीकडे चौकटींची भिंत आली म्हणून माझ्याकडेही आली. 2021 मध्ये एक तयार साचा विकत घेतला. दर वेळी जुन्यावर नवं चढवलं, खालचं काही काढलं नाही. 212 लेख, सुमारे 6,400 फोटो.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती हेच काम करते. तिनं साइट बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “टीचर, डोमेन कोणाच्या नावावर आहे?”

डोमेन म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, आणि ते माझ्या नावावर नव्हतं. 2014 मध्ये ज्याने साइट करून दिली होती त्याच्या ईमेलवर होतं, तो मुलगा कधीच परदेशी गेला होता आणि तो ईमेल बंद होता. मुदत संपत होती 9 जुलैला. आठवणीच्या सूचना त्याच बंद पत्त्यावर जात होत्या. त्याने सुरुवातीलाच एकदम दहा वर्षांची मुदत घेऊन ठेवली होती आणि मग एका वर्षाची, हे बिलं शोधल्यावर कळलं. तुमची साइट कोणीही करून दिलेली असो, आज उठून हे एवढं तपासा: डोमेनच्या नोंदीत ईमेल तुमचा आहे का, आणि मुदत कधी संपते.

27 जूनला डोमेनच्या नोंदणी कंपनीला पहिला मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना हवं होतं: ओळखपत्राची प्रत, साइटवर माझं नाव असल्याचा पुरावा, जुन्या देयकांच्या पावत्या, आणि ही साइट माझीच आहे असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. उत्तर आलं त्याच सकाळी, 30 जूनला, टाके काढायला रुग्णालयात जायचं होतं. परतताना फोंड्याला नोटरीकडे गाडी थांबवली. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाहेर धो धो पाऊस. यजमान वर जाऊन परिस्थिती सांगून आले, आणि ते वयस्कर गृहस्थ छत्री आणि वही घेऊन खाली आले. मागच्या सीटवर पाय लांब करून मी सही केली, त्यांनी गाडीच्या टपाखाली वाकून शिक्का मारला. स्टॅम्प पेपर धरून 300 रुपये झाले. वर-खाली केल्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

1 जुलैला कागद पाठवले. मग शांतता. रोज सकाळी तक्रार क्रमांक टाकून ‘प्रक्रियेत आहे’ वाचायचं. 9 जुलै उलटला. 11 तारखेला साइटच्या जागी जाहिरातींचं पान आलं. त्या रात्री मला रडू आलं. पाय मोडला तेव्हा मी रडले नव्हते. विद्यार्थिनीने फोनवर समजावून सांगितलं ते इथं लिहिते, कारण हे माहीत असतं तर ती रात्र वाचली असती. डॉट कॉम नाव मुदत संपताच हातचं जात नाही. आधी कंपनीनुसार 45 दिवसांपर्यंत साध्या दराने नूतनीकरण करता येतं. त्यानंतर 30 दिवस जास्तीचं शुल्क भरून परत मिळतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. फक्त पहिल्या टप्प्यात किती दिवस हे आपल्या कंपनीला लेखी विचारून ठेवायचं.

14 जुलैला ताबा मिळाला. लगेच तीन वर्षांचे पैसे भरले. नोंदणीतलं नाव बदललं की डॉट कॉम डोमेनला सहसा 60 दिवसांचं कुलूप लागतं, त्या काळात ते दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे नेता येत नाही. माझं 12 सप्टेंबरपर्यंत लागलं. हे वाचून मी पुन्हा घाबरले होते, पण साइट ठेवायची जागा बदलायला या कुलपाची आडकाठी नसते. नेमसर्व्हर, म्हणजे साइट कुठं ठेवली आहे ते सांगणारी नोंद, बदलता येतात, तेवढं पुरतं.

या सगळ्या वाट पाहण्याच्या काळात खरं काम सुरू होतं, ते फोटो निवडण्याचं. विद्यार्थिनीने सांगितलं होतं, “टीचर, डिझाइन मी मागाहून बघते. तुम्ही आधी फोटो निवडा. मोबाइलवरच बघा, मोठ्या स्क्रीनवर नको.” रोज दोनशेहून जास्त. निम्मे सकाळी, निम्मे पेजेनंतर. दुपारी आईंच्या बरोबरीने डोळे मिटायचे. वीज गेली की काम बंद, आणि यंदा ती पुष्कळदा गेली. कौलांवरचा पाऊस ऐकत पडून राहायचं. आधी त्यात वेळ फुकट गेल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की वीज नसलेल्या तासानंतर मी फोटो जास्त चांगले निवडते.

निवडायचं कशावर? चांगला-वाईट म्हणून बघायला गेले तर सगळेच बरे दिसत होते. शेवटी मी एकच प्रश्न विचारू लागले: हा फोटो काढण्याच्या आधी आणि नंतर काय झालं ते मला आठवतंय का?

तांबडी सुर्ला, डिसेंबर 2016. शाळेची सहल घेऊन गेले होते, चाळीस मिनिटांत 140 फोटो. कदंबकाळातलं ते महादेवाचं देऊळ घाटापलीकडून आणलेल्या बेसॉल्टचं आहे, पूर्वाभिमुख आहे, एकेका खांबासमोर तास काढावा असं आहे. मी प्रत्येक खांबाचा फोटो घेतला होता आणि मला त्या दिवसातला एक क्षणही आठवेना. 140 पैकी एक ठेवला, त्यात माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी दगडाला गाल लावून उभी आहे, कारण दगड थंड होता आणि ती मला बोलावून ते सांगत होती. ती आता मोठी आहे. तिला फोन करून विचारलं आणि मगच ठेवला.

याच्या उलट दिवाडीचा. 2019, जुनं गोवं. व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का लागतो. त्या दिवशी फेरी काही कारणाने तासभर आलीच नाही. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी धक्क्यावर बसून राहिले. सायकलवर पावांची टोपली घेतलेला पोदेर माझ्याशेजारी थांबला होता. सुरुवातीला तो घड्याळ बघत होता, मग त्याने टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारखं केलं आणि मांडवीकडे बघत उभा राहिला. त्याचे मी तीन फोटो काढले. तिन्ही ठेवावेसे वाटले. त्याने मला एक पाव दिला होता, पैसे घेतले नव्हते, हे तो फोटो समोर आल्यावर आठवलं. अशा किती फोटोंत मी कशाची तरी वाट बघत बसलेले होते, ते मोजू लागले तेव्हा पुढच्या साइटचं रूप मला दिसू लागलं. एका पानावर एक फोटो, खाली चार-पाच ओळी, आपोआप काही सरकणार नाही. आजूबाजूला मोकळी जागा.

मुलांचे ओहोळात डुंबतानाचे फोटो सगळे काढून टाकले. तेव्हा त्यांच्या आया शेजारी होत्या, हसत होत्या, तरी. पक्ष्यांच्या घरट्यांचेही काढले. सड्यावरच्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे फोटो ठेवले, पण मोबाइलने घेतलेल्या फोटोंच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असतात, ते पुसून. हे कोणालाही करता येतं, संगणकावर फाइलच्या गुणधर्मांत जाऊन वैयक्तिक माहिती काढायची. तेच माझ्या अंगणातल्या फोटोंचं. माझ्या घराचा नेमका पत्ता मी अकरा वर्षं जगाला देत होते.

उरले 318 फोटो आणि 97 लेख. हे काम 22 जुलैला संपलं.

मराठीतून साइट करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. तयार साचे रोमन लिपीसाठी बनवलेले असतात, त्यांत ओळींमधलं अंतर कमी असतं, म्हणून आपल्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. आम्ही अंतर अक्षराच्या 1.7 पट ठेवलं. अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडणारी सोय असेल तर ती शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अक्षरांचा टाइप ‘मुक्ता’ घेतला, मुंबईच्या ‘एक टाइप’चा, मोफत आहे. त्याची सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, पण सगळी चढवू नका, देवनागरीच्या फाइली जड असतात. मी दोनच घेतली. फोटो 1,600 पिक्सेल लांबीचे केले, दहा एमबीचा फोटो तीनशे केबीच्या आसपास येतो आणि मोबाइलवर फरक दिसत नाही. मूळ फाइली दोन टीबीच्या हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवल्या.

पानांच्या पत्त्यांनी फार छळलं. मराठी मथळ्याचा पत्ता आतून सांकेतिक रूपात साठवला जातो आणि प्रत्येक अक्षरचिन्हाला नऊ जागा लागतात. माझ्या जुन्या साइटची मर्यादा 200 होती, म्हणजे 22 चिन्हांनंतर पत्ता तोडलेला. कितीतरी लेखांचे पत्ते अर्ध्या शब्दावर संपत होते. नवे पत्ते आखूड केले: गाव आणि एक शब्द, बस्स. जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्याची यादी तक्त्यात हाताने केली, डावीकडे जुना, उजवीकडे नवा. काढून टाकलेल्या लेखांचे पत्ते मुखपृष्ठावर वळवू नका. जे नाही ते नाही असं सांगणारं साधं पान दाखवा.

मांडणी तालुक्यांप्रमाणे केली. बारा तालुके, पेडण्यापासून काणकोणपर्यंत. तांबडी सुर्ला आता धारबांदोड्यात येतं, माझ्या जुन्या लेखात सांगे होतं, ते दुरुस्त झालं. गावांची नावं आपण बोलतो तशी लिहिली: दिवाडी, चोडण, साखळी, डिचोली. इंग्रजी पाट्यांवर चोराव आणि बिचोलिम वाचून शोधणाऱ्यांसाठी ती रूपंही प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिली.

28 जुलैला एक्स-रे झाला. हाड जुळत होतं. वॉकर धरून थोडा भार द्यायला परवानगी मिळाली. पाय जमिनीला टेकला तेव्हा तळव्याला फरशी अनोळखी वाटली. त्याच आठवड्यात व्यायाम सुरू झाले, टाचेला टॉवेल अडकवून ओढायचे, दिवसातून चारदा.

3 ऑगस्टला, रविवारी, नेमसर्व्हर बदलले. ‘24 ते 48 तास लागू शकतात’ असं सांगतात ते खरं आहे. माझ्या मोबाइलवर जुनी साइट, यजमानांच्या मोबाइलवर नवी, आणि पुण्याला मुलाच्या लॅपटॉपवर ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा, कारण साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र अजून लागलेलं नव्हतं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं मोफत प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी बसलं. ते 90 दिवसांचं असतं, आपोआप नवं होण्याची सोय चालू आहे ना हे बघून घ्या. दोन दिवस मला एकही ईमेल आला नाही, तेव्हा कळलं की ईमेल कुठं पोचवायचे याच्या नोंदी नव्या जागी उतरवायच्या राहून गेल्या होत्या. बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्याकडे तो होता, म्हणून दहा मिनिटांत भागलं. त्या दोन दिवसांत कोणी लिहिलं असेल तर ते गेलं.

खर्च: डोमेन तीन वर्षांचं 3,900, जागेचं वर्षाचं भाडं 5,300, हार्ड डिस्क 6,500, प्रतिज्ञापत्र 300, आणि विद्यार्थिनीला 15,000. ती घेत नव्हती. “टीचरकडून कसे घेऊ?” म्हणाली. मी तिला सांगितलं, मी शिकवायचा पगार घेत होते. एकूण 31,000.

10 ऑगस्टला साइट खुली केली. कोणाला कळवलं नाही. दुपारी आई चटई टाकून आडव्या होत होत्या, त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी चष्मा शोधला, भिंतीला टेकून बसल्या. एकेक पान उघडायचं, बघायचं, खालच्या ओळी ओठांनी वाचायच्या. दिवाडीच्या पोदेरापाशी बराच वेळ थांबल्या. मला वाटलं काही अडलं, म्हणून मी वॉकर ओढून उठू लागले.

“अडलं नाही,” त्या म्हणाल्या, “फेरी येतेय का बघते.”